दुसरं जेवण

"डॉक्टर, माणसाला झोपेत ढेकर येतो का?"

हा प्रश्न विशाखानं उभं राहून, दोन्ही वेण्या पाठीमागं टाकून, अख्ख्या दहावी ब ला ऐकू जाईल अशा ठणठणीत आवाजात विचारला. पैज मोनिकानं लावली होती. शनिवारच्या शेवटच्या दोन तासांना आरोग्यावर बोलायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. ‘विचारा, लाजू नका’ असं त्या तीनदा म्हणाल्या तरी एकही मुलगी हलली नव्हती, तेव्हा मोनिका कानाला लागून म्हणाली होती, "तू परवा सांगत होतीस ना, तुझ्या पप्पांचं, ते विचार. विचारलंस तर सोमवारपासून आठवडाभर तुझं दप्तर मी उचलते. नाय विचारलंस तर तू फट्टू." आता, फट्टू म्हणवून घ्यायचे विशाखाचे दिवस मागच्या दिवाळीपर्यंतचे. स्नेहसंमेलनात माईक हातात धरून तिनं दोन तास निवेदन केलं, त्या दिवसापासून तिला कळलं होतं की आवाज काढला की लोक वळून बघतात, आणि लोकांनी वळून बघितलं म्हणून आपण काही मरत नाही. त्यामुळं ती उठली, विचारलं, आणि मग वर्ग जो फुटला तो फुटलाच. मागच्या बाकावरून निशानं तोंडानं एक लांबलचक ढेकर काढून दाखवला. विशाखा स्वतःही हसत होती. हसल्या नाहीत त्या फक्त डॉक्टरीणबाई. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि विचारलं, "घरात कुणाला येतो?"

"पप्पांना."

"रात्री जेवतात किती वाजता?"

"साडेअकराला. वाळूजच्या कंपनीत सेकंड शिफ्ट असते. आले की आम्ही दोघं एका ताटात जेवतो."

"आणि झोपतात कधी?"

"लगेच. बाराला."

"मग ते झोपत नाहीत, बाळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि वर्गाचं हसू आपोआप खाली बसलं. "नुसते पडून असतात. भरल्या पोटी आडवं झालं की पोटातलं आंबट वर घशाशी येतं. माणूस दचकतो, गिळतो, कूस बदलतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, पण झोप रात्रभर तुटत असते. मग दिवसा पेंग येते, चिडचिड होते, आणि पोट आणखी बिघडतं. किती दिवस चाललंय हे?"

"मी पाच वर्षांची होते तेव्हापासून."

"एकदा तपासून घ्या त्यांना. पण त्याआधी ते रात्रीचं जेवण बंद करा. जेवण आणि झोप यांत तीन तास तरी हवेत." मग त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि जाता जाता सहज विचारावं तसं विचारलं, "आणि तू पण त्यांच्यासोबत रोज साडेअकराला जेवतेस?"

विशाखा "हो" म्हणाली आणि बसली. घंटा झाली. मोनिका "लई भारी बे तू" म्हणत पाठीवर थापा मारत होती, निशा ढेकराचं पुन्हा एक प्रात्यक्षिक देत होती, आणि विशाखाच्या छातीत मधोमध, शाळेच्या बिल्ल्याच्या बरोबर मागं, काहीतरी आंबट हळूच वर येऊन परत खाली गेलं. तिनं गिळलं. गिळताना आवाज झाला, गटक. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

शाळेतून घरी चालत पंधरा मिनिटं लागतात. मोनिका-निशा चौकातून वळल्या आणि विशाखा एकटी उरली, तेव्हा त्या आवाजाचा विचार तिला झटकता येईना. पप्पांचे ढेकर तिला जितके ठाऊक होते तितकं पिरियॉडिक टेबलही तिला ठाऊक नव्हतं. जेवण झाल्यावरचा ढेकर ऐसपैस, छातीवर तळहात ठेवून, ‘हांऽऽ’ करून दिलेला. त्याचं तिला काही नव्हतं, तो सगळ्यांचेच बाप देतात. खरा घाण तो रात्री दोनच्या सुमाराचा. तो वर येतो पण बाहेर पडत नाही. अंधारात आधी एक बुडबुडा फुटल्यासारखं होतं, मग खोलीत शिळ्या ताकाचा आणि गंजक्या लोखंडाचा एकत्र वास पसरतो, आणि मग ती गटक. जे वर आलं ते पप्पा परत गिळतात. ते गिळणं ऐकलं की विशाखाच्या जिभेखाली पाणी सुटायचं आणि ती उशी कानावर दाबून धरायची. पण उशी दाबून कान बंद होतात, नाक कुठं बंद होतं. खोली एकच. त्या खोलीत, पाणी आठव्या दिवशी येतं म्हणून, तीन निळे ड्रम भिंतीला लावून ठेवलेले, त्यामुळं अंथरुणं एकमेकांना चिकटून. मम्मी मध्ये, पण मम्मीचं शरीर वासाला थोडंच अडवतं. पप्पा उठून बसायचे, ओवा चावायचे, गुलाबी औषधाची बाटली तोंडाला लावायचे. त्या बाटलीच्या झाकणाभोवती औषधाचा वाळलेला खडूसारखा थर जमलेला असायचा आणि तो थर पप्पा कधी कधी नखानं खरवडून चाटायचे. रविवारी उश्यांचे अभ्रे काढायचं काम विशाखाचं. पप्पांच्या अभ्र्यावर पिवळे, कडेला तपकिरी होत गेलेले डाग, एकावर एक, मराठवाड्याच्या नकाशात जिल्हे असावेत तसे. ती अभ्रा दोन बोटांत धरून बादलीत टाकायची आणि बोटं तीनदा धुवायची. मग साबणाच्या वासातही तिला तोच वास यायचा.

आणि ताट. ताटाचं तिनं अजून मोनिकालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मोनिका हसली असती आणि ते हसू विशाखाला आवडलं नसतं, कारण ताट म्हणजे त्या घराचा मोठा मान. पप्पांची शिफ्ट बदलली तेव्हा विशाखा पाच वर्षांची होती. सकाळी ती बालवाडीला जायची तेव्हा पप्पा झोपलेले, ती झोपायची तेव्हा पप्पा कामावर. महिनाभर तिनं पप्पांना फक्त पाठमोरं, चादरीत बघितलं होतं. एक दिवस तिनं ठरवलं की पप्पा येईपर्यंत जेवायचं नाही, आणि दात आवळून बसली. मम्मीनं समजावलं, रागावली, एक धपाटाही घातला. साडेअकराला पप्पा आले तर पोरगी उंबऱ्यातच भिंतीला टेकून जागी. पप्पांनी हात धुतले, तिला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या ताटातून येसराच्या आमटीत चुरलेली भाकरी भरवली. त्या घासाची चव विशाखाला अजून आठवते, तिखट आणि कोमट, आणि पप्पांच्या बोटांना ऑइलचा वास, जो तेव्हा तिला जगातला सगळ्यात चांगला वास वाटायचा. ती गोष्ट मग घराची गोष्ट झाली. देवगाव रंगारीहून पाहुणे आले की मम्मी चहासोबत ती गोष्ट वाढायची. "आमची विशू पप्पांबिगर घास खात नाय. दहा वर्षं झाले, एक दिवस नाय खाल्ला." पाहुणे म्हणायचे, "काय माया आहे बघा," आणि पप्पा खाली बघून मिशीत हसायचे, एखाद्या नेत्यानं भर सभेत नाव घेतल्यासारखे. अशा गोष्टीतून बाहेर कसं पडायचं असतं? गोष्टीतली पोरगी पाच वर्षांचीच राहते. खरी पंधरा वर्षांची होते आणि तिला एक दिवस दिसतं की पप्पांच्या नखांत काळी रेघ आहे, भात कालवताना वरण बोटांच्या पेरांपर्यंत चढतं, पेरांवरून तळहातावर येतं, आणि त्याच बोटांनी पप्पा ताटाच्या तिच्या बाजूला कालवलेला गोळा सरकवतात. "खा." ती खायची. दोन वर्षं ती श्वास रोखून खात होती, आणि ओठांवर पाहुण्यांना आवडणारं हसू.

उस्मानपुऱ्यातल्या गल्लीच्या तोंडाशी क्लासच्या पोरांची एक मेस आहे. दुपारच्या जेवणाची वेळ झालेली, दारातच एका मोठ्या भगुण्यात बटाट्याचा पातळ रस्सा उकळत होता, हळद जास्त झालेला, वर तेलाचा तवंग. वास नाकात शिरला आणि विशाखा रस्त्यात उभी राहिली. मागून आलेला रिक्षावाला "ओ दीदी, साइड" म्हणून ओरडला तरी ती हलली नाही. हा वास मेसचा नव्हता. हा पप्पांचा पहिला ढेकर होता. पप्पा दारात बसून बूट काढतात, मोजे बुटात कोंबतात, आणि उठताना एक छोटा, कोरडा, चोरटा ढेकर देतात. जेवायच्या आधी. ताट वाढायच्या आधी. त्या ढेकराला हा वास असतो, जास्त हळदीच्या बटाट्याचा, आणि घरात तर बटाटा महिन्यातून एकदा होतो, कारण पप्पांना तो बाधतो म्हणून मम्मीनंच बंद केलाय. तिच्या नाकाला हे किती दिवस माहीत होतं कोण जाणे. किळस आली की माणूस तोंड फिरवतो, आणि तोंड फिरवलं की दिसायचं राहून जातं. म्हणजे पप्पा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, आठच्या जेवणाच्या सुट्टीत, जेवत होते. पोटभर जेवून येत होते. आणि घरी येऊन, दारात उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या पोरीसाठी, परत जेवत होते. दोन भाकरी, वरण, भात, वर "लई भूक लागलीय आज."

विशाखाच्या घशात पुन्हा आंबट आलं, कारण आता तिला दुसरी बाजूही दिसली, आणि ती जास्त ओंगळ होती. तीही आठ वाजता जेवत होती. पहिल्याच आठवड्यात मम्मीनं तो तोडगा काढला होता. लेकरू एवढ्या उशिरापर्यंत उपाशी कसं ठेवायचं म्हणून आठला गुपचूप खिचडी, कधी पिठलं-भाकरी. "पप्पांना सांगू नको हं. वाईट वाटंल त्यांना." विशाखानं कधी सांगितलं नाही. म्हणजे दहा वर्षं दोन भरल्या पोटाची माणसं रोज रात्री एका ताटाशी समोरासमोर बसून एकमेकांना भूक दाखवत होती. एकमेकांच्या तोंडाकडं बघत, चावत, ढकलत. हे चित्र तिला मेसच्या दारात स्वच्छ दिसलं. मागून मम्मी दिसत होती, दोघांचं गुपित दोघांपासून राखत, गरम भाकरी ताटात टाकणारी. ‘अजून एक घ्या, अजून अर्धी घे.’ प्रेमाला वास असतो, हे कुणी पुस्तकात छापत नाही. आंबट असतो.

घराचं दार लोटलेलं होतं. मम्मी ओट्यापाशी खाली बसून मेथी निवडत होती, तिनं तोंडावर बोट ठेवलं. पप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत झोपले होते. शिफ्टला जायच्या आधी ते असे बसूनच झोपतात, आडवं झालं की जळजळतं म्हणून. मान खांद्यावर पडलेली, तोंड उघडं, ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी औषधाचा पांढुरका थर. दिवसाउजेडी विशाखानं त्यांना इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. रात्री अंधारात वास आणि आवाज असायचे, चेहरा नसायचा. चेहरा असा होता. डोळ्यांखाली जांभळट पिशव्या, गालांची कातडी सैल, आणि छाती मधेच थांबायची, गळ्याची घाटी वर सरकायची, गटक, आणि भुवया दुखावल्यासारख्या एकत्र यायच्या. मग परत श्वास. ती दप्तर न काढता तशीच उभी राहिली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखालचं घड्याळ चालत होतं. तेवढ्या वेळात पप्पा किती वेळा दचकले आणि एकदाही जागे झाले नाहीत. खरंच, हे झोपणं नव्हतं. नुसतं पडून राहणं, तेही बसल्या बसल्या. आणि मग तिनं त्यांचे हात बघितले. खुर्चीच्या एका दांड्यावर एक तळवा दाबला जात होता, सुटत होता, परत दाबला जात होता, आणि दुसरा हात मांडीवरून काहीतरी पुढं सरकवत होता. झोपेतही कंपनीतली प्रेस चालू होती.

प्रेसची दोन बटणं असतात, हे तिला पप्पांनीच कौतुकानं सांगितलं होतं. दोन्ही हातांनी दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे ठोकळ्याखाली हात राहूच शकत नाही. पण टार्गेट गाठायचं तर दोन हात दोन बटणांवर ठेवून भागत नाही. म्हणून लोक एका बटणात चिंधीचा बोळा कोंबून ते कायमचं दाबून ठेवतात. एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला मोकळा. पप्पांच्याच लाइनवरच्या कडुबाकाकांचं उजव्या हाताचं मधलं बोट त्यामुळं अर्धं आहे. आणि मागच्याच महिन्यात कडुबाकाकांनी घरी येऊन, पप्पा हात धुवायला गेले तेवढ्यात, मम्मीला हळूच सांगितलं होतं, "वहिनी, भूषणचा डोळा लागायलाय मशिनवर. दोनदा मी हलवला. तेवढी झोप होऊ द्या त्याची." मम्मी म्हणाली होती, "झोपतेत की भाऊ, आठ-आठ घंटे झोपतेत." विशाखा तेव्हा भूगोल वाचत होती आणि तिनं पान उलटलं होतं.

"अहो, उठा. दोन वाजले. बस निघून जाईल," मम्मी म्हणाली.

पप्पा दचकून उठले, तोंड पुसलं, विशाखाला बघून हसले. "आली का माझी निवेदिका. काय झालं शाळेत?"

"पप्पा, तुम्ही आठ वाजता कंपनीत जेवता का?"

पप्पांनी मम्मीकडं बघितलं. मम्मीनं मेथीकडं. "च्या घेतो मी तिथं," पप्पा म्हणाले.

"बटाटा खाता तुम्ही. पातळ रस्सा, हळद जास्त."

"कडुबा बोलला का तुला?"

"तुमचा ढेकर बोलला."

मम्मीला हसू फुटलं आणि तिनं ते तोंडातच आवरलं. पप्पा बुटात पाय घालत थांबले. "अगं, सगळी लाइन बसती जेवायला. मी एकटाच मशिनकडं तोंड करून उभा राहू का? दोन घास खातो."

"मग घरी परत कामून जेवता?"

"तू थांबलेली असतीस ना उपाशी. लेकरू उपाशी आणि मी म्हणू, मी जेवून आलो?"

"मी उपाशी नसते," विशाखा म्हणाली. "मी पण आठ वाजता जेवते. रोज. पहिल्यापासून."

खोलीत ड्रमच्या झाकणावर नळाचा एक थेंब पडल्यासारखा आवाज झाला. मम्मीच्या हातातली मेथीची काडी होती. तिनं ती न बघताच मोडली होती. विशाखाला वाटलं आता पप्पांचा चेहरा पडणार. पण पप्पा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसता त्यांना ढेकर आला, आंबट, आणि ते त्याच्यावरही हसले. "म्हणजे दोघंबी भरल्या पोटानं? दहा वर्षं? संध्या, तुला म्हाईत होतं?"

"मला काय विचारता," मम्मी म्हणाली. "तुम्ही दोघं खायचे, मला बरं वाटायचं बघून."

"हसू नका पप्पा. शाळेत डॉक्टर आल्या होत्या. त्या म्हणाल्या तुम्ही झोपतच नाही. म्हणून पोट बिघडतं, आणि पोट बिघडतं म्हणून झोप नाही. रात्रीचं जेवण बंद करायचं. आणि तपासून घ्यायचं."

"करू की बंद. आता खरं कळलंच आहे तर नावाला खाऊ. तू दोन घास, मी दोन घास." पप्पा उठले, कामाची पिशवी खांद्याला अडकवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तेवढाच तर एक टाइम आहे आपला, विशू. दिवसभर मी त्या ठोकळ्याकडं बघतो ना, तवा डोक्यात एवढंच असतंय, की घरी गेलं की ताट आहे. त्याच्याबिगर तुला बघायचं कवा मी?"

हात जड होता, उबदार, आणि त्याला तोच जुना ऑइलचा वास होता. विशाखाला त्या हाताखालून निघावंसंही वाटलं आणि तिथंच उभं राहावंसंही. तिला पुढचं सगळं दिसत होतं. आज रात्री दोन घास. उद्या मम्मी म्हणणार, ताटात दोन घास काय वाढायचे, बरं दिसत नाही, अर्धी भाकरी तरी घ्या. परवा येसराची आमटी. ‘तपासून घ्या’ म्हटलं की पप्पा म्हणणार, दिवाळीनंतर. तब्येतीसाठी या माणसानं आजवर काही सोडलं नव्हतं, सोडणारही नव्हता, कारण तब्येत त्याची स्वतःची होती आणि स्वतःच्या गोष्टीला तो मोजतच नव्हता. प्रेमानं सांगितलं तर तो प्रेमानं आणखी एक घास खाणार. ती गोडीनं बोलली तर हरणार होती. एकच शब्द होता ज्याच्यापुढं पप्पांना काही म्हणता आलं नसतं, ज्याच्यानंतर ते ताट पुन्हा पुढं सरकवणं त्यांना शक्य नव्हतं. तो शब्द दोन वर्षं तिच्या जिभेखाली होता, गिळून गिळून तिथंच राहिलेला. आणि सगळ्यात वाईट हे, की तो खोटा नव्हता. तो आपण पप्पांच्या बोटांसाठी बोलणार आहोत की स्वतःच्या नाकासाठी, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. दोन्ही एकत्र कालवलेलं होतं, वेगळं काढता येण्यासारखं नव्हतं. बाहेर चौकातून कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकू आला.

तिनं पप्पांचा हात डोक्यावरून खाली घेतला.

"मम्मी, तू पण ऐक. आजपासून मी आठला जेवणार आणि अकराला झोपणार. पप्पा आले तरी उठणार नाही," ती म्हणाली, निवेदनाच्या त्या स्वच्छ, ठणठणीत आवाजात. "पप्पा, तुमच्या ताटात जेवायची मला किळस येते."